उस्तादांची इजाजत

विद्यार्थ्याचा अपमान करायला उस्तादांना आवाज चढवावा लागत नसे. अरबी कविता जितक्या हळुवारपणे म्हणत, तितक्याच हळुवारपणे ते समोरच्याची सालटी काढत. "बाई, ही विरहाची कविता आहे. तुम्ही मोंढ्यात मका विकताय." हे मला, पहिल्याच तासाला. मी फुलंब्रीहून एस.टी.नं येणारी, बौद्ध घरातली मुलगी. अरबी का घेतलं, असं अख्ख्या जगानं विचारलं. त्यांनी कधीच नाही. मौलवींच्या मुलाचा आणि माझा पाणउतारा ते एकाच मापानं करत. तेवढ्यावर मी त्यांच्यावर जीव टाकला.

सूफींचा अहंकार कसा गळून पडतो, यावरचे त्यांचे निबंध परदेशात वाचले जात. घरी चहा जरा निवला की मात्र सूनबाईंना विचारत, "हा कुणाच्या मयताचा?" स्वतःचा अहंकार त्यांनी अभ्यासासाठी जपून ठेवला असावा.

त्यांचा एक जुना दस्तूर होता. एका सूफी कवीची एक दीर्घ कविता ते शिकवत. पण ती पुढे कुणाला शिकवायची तर आधी त्यांच्यासमोर अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ म्हणायची. ते ऐकणार, मग इजाजत देणार. त्यांच्या उस्तादांनी त्यांना ती अशीच दिली होती. विद्यापीठाच्या पदवीला ते 'कागद' म्हणत. डोळे मिटून ऐकत. उच्चार चुकला की बोट उठे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी डॉक्टरेट केली, नोकरीला लागले, ते निवृत्त झाले. बोट उठतच राहिलं. माझे वडील वैतागायचे, "लई झालं आता. त्या मास्तरला व्हय म्हणायला काय जातंय?" दुसऱ्या कुणालाही इजाजत मिळाली नव्हती. मला नाही मिळाली तर ती इजाजत त्यांच्याबरोबरच जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी ती त्यांच्या घरी पुन्हा म्हटली. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते, माझ्या तोंडाकडे लागलेले. बोट उठलं नाही. शेवटची ओळ म्हणून मी थांबले.

"झालं का?" त्यांनी विचारलं. "ओठ थांबले, म्हणून म्हटलं."

त्यांचे कान पुरते गेले होते आणि बाहेर कुणाला त्यांनी ते कळू दिलं नव्हतं. सूनबाई हातवारे करून विनवू लागल्या, "अब्बा, पूरी पढ़ी उसने. दे दो ना." त्यांना ते बरोबर समजलं.

"मी ऐकली नाही. न ऐकता गवाही देऊ?" मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "गेल्या साली बिनचूक म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

दिवाळीच्या आधी ते गेले. मला त्यांचा राग येतो. एकदा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं? आता पुस्तकात ती कविता आली की मी वर्गाला पुढचं पान काढायला सांगते. सिल्लोडची एक मुलगी परवा म्हणाली, "मॅडम, ही का सोडली? येत नाय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं, "येत नाही."