ज्योतीरामभाऊंच्या दातांतली फट

आमच्या समोरच्या दारातले ज्योतीरामभाऊ एकोणीस वर्षं निघोज्याच्या एका कारखान्यात तपासणीला आहेत. जोडलेल्या दोन भागांमधली फट मोजायची, जास्त भरली की माल परत पाठवायचा. त्यासाठी त्यांच्याकडे फिलर गेज असतो, म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. प्रत्येक पातीवर जाडीचा आकडा. जी पाती नेमकी बसेल, तेवढी फट.

गेल्या दिवाळीत त्यांच्या वरच्या, अगदी समोरच्या दोन दातांत चकली अडकली.

"ही फट नव्हती. लग्नाच्या फोटोत बघ," ते बायकोला म्हणाले.

"फोटोत तुम्ही तोंड मिटून बसलाय," जयमाला म्हणाली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी दात जागा कशाला सोडेल, हे भाऊंना उमगेना. त्यांच्या वडिलांचं पन्नाशीत बोळकं झालं होतं. लातूरकडचा धट्टाकट्टा माणूस, भाकरी दुधात कुस्करून खायचा. भाऊंना तीच धास्ती. मग त्यांनी घरचा गेज स्पिरिटने पुसला आणि दर रविवारी फट मोजायला घेतली. जयमाला मोबाईलचा उजेड धरी आणि आकडा वहीत उतरवी.

पॉइंट चाळीस मिलिमीटर. पुढच्या रविवारी पंचावन्न. मग परत पंचेचाळीस.

"वाढतीय बी, कमी बी व्हतीय," भाऊ म्हणाले. "कंपनीतला पार्ट असं कधी करत न्हाई."

"अहो, दवाखान्यात चला."

"रीडिंग पक्कं झाल्याबिगर डॉक्टरला काय दाखवू?"

असे चार महिने गेले. एका रविवारी जयमालाचे हात पिठात होते, म्हणून उजेड मी धरला. भाऊंनी दातांवर दात दाबले की पाती सैल पडायची, जबडा सोडला की घट्ट व्हायची. आणि ती बाहेर काढली तेव्हा टोकाला लालसर रेष होती.

"भाऊ, चावल्यावर तुमचा दात पुढे सरकतोय," मी म्हटलं.

ते आरशात बघत राहिले. "म्हणजे रीडिंग चुकत नव्हतं? पार्टच हलतोय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आकुर्डीला डॉक्टर विजयश्रींकडे गेलो. त्यांनी वही वाचली, हसल्या नाहीत, मग भाऊंचं तोंड तपासलं.

"ही पाती हिरडीत घालणं आजपासून बंद. आणि खालची दाढ कधी काढली?"

"सहा वर्षं झाली. पण ती मागची हो. फट तर पुढं पडली."

"मागे चावायला दाढ नाही, म्हणून भार पुढच्या दातांवर येतो. हिरड्या सुजून त्यांची पकड सैल झालीय. शेजारची दाढही त्या रिकाम्या जागेत कललीय. तेव्हाच दाढ बसवली असती आणि हिरड्या साफ ठेवल्या असत्या, तर एवढं झालं नसतं."

"दात राहील?"

"हिरड्या बऱ्या झाल्या आणि मागे दाढ बसली, तर राहावा. आतून तार लावून धरून ठेवू. पण दर तीन महिन्यांनी यायचं."

वाटेत भाऊ जिभेनं मागची रिकामी जागा चाचपत होते. मागची दाढ गेली म्हणून पुढचा दात हलतो, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

आता तार लागली, दाढही बसली. परवाच्या रविवारी मी वाटी परत द्यायला गेले, तर भाऊ आरशासमोर तोंड उघडून उभे.

"मोजायचं न्हाई, तर दात हलला न्हाई हे कळायचं कसं?"

जयमालाने ज्वारीची भाकरी ताटात टाकली. "खाऊन बघा. मागच्या दाढेनं."

ते बसले. पाती आत सारावी तसा पहिला घास जपून दाढेखाली सारला आणि थांबून थांबून चावला. मग दुसरा. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"काही कळंना," ते म्हणाले, आणि तिसरा घास मोडला.