मामांनी काढलेली बुचं

मशकमामांना कुणी "जरा हळू वाजवा" म्हटलं, की ते पिशवी काखेत आणखी जोरात दाबायचे. लष्करातून निवृत्त होऊन ते अंबरनाथला आले आणि लष्करी पथकात शिकलेली मशक, म्हणजे बॅगपाइप, घेऊन उल्हासनगरच्या आमच्या लग्नाच्या बँडमध्ये शिरले.

सोवळंओवळं त्यांना अजिबात नव्हतं. "मशक मुळात गोऱ्या साहेबाची. मी तिला हळदीची गाणी शिकवली," असं ते ऐटीत सांगायचे. पिशवीवरचं चौकड्यांचं कापड काढून त्यांनी निळं चढवलं होतं. भीमगीतं, सिंध्यांची लग्नगीतं, सिनेमातली नवी गाणी, सगळं वाजवायचे. फक्त खांद्यावरच्या तीन नळ्यांतून एकच सूर सतत घुमायचा, त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. "बाकीचे सगळे पाहुणे. हा सूर घरधनी."

मग बँडमध्ये कीबोर्ड आला, म्हणजे मीच आलो. माझी गाणी पट्टी बदलायची आणि मामांचा सूर जागचा हलायचा नाही. ऐकवत नसे. बँडच्या मालकाने, शेठने, तीन बुचं आणली. "मामा, ये पाइप बंद करो, नहीं तो घर बैठो." मशक घेणारा दुसरा बँड बदलापूरपर्यंत नव्हता, हे शेठला चांगलं ठाऊक होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या वरातीत मामांनी नळ्यांना बुचं लावून दोन गाणी कशीबशी सोसली. मग तिन्ही बुचं उपटून गटारात टाकली. सूर घुमला.

"कल से मत आना," शेठ ओरडला.

"उद्या कशाला? हा निघालो," म्हणत मामा वाजवत वाजवतच शेजारच्या गल्लीत वळले. मशकीमागे चालायची सवय झालेली घोडी नवरदेवाला घेऊन त्यांच्या मागे, आणि घोडीमागे अख्खी वरात. रस्त्यात उरलो मी, हातगाडीवरचा कीबोर्ड आणि शेठ. खरं सांगतो, मला भलताच आनंद झाला.

शेठ धावत जाऊन विनवू लागला. मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला सांग, माझ्या सुरात ये." मी शिकलो.

पुढे त्यांना दम्याने गाठलं. खरवईच्या एका लग्नात मीच म्हटलं, "मामा, नळ्या बंद करा, तेवढाच श्वास वाचेल."

"वाचवून ठेवू कुणासाठी?" ते म्हणाले, आणि शेवटपर्यंत धापा टाकत वाजवत राहिले. त्यानंतर त्यांनी मशक उचलली नाही. थोड्याच महिन्यांत गेले.

मी अजून वाजवतो. उजवा हात गाणं वाजवतो, डाव्या हाताचं एक बोट कीबोर्डच्या एकाच पट्टीवर दाबून ठेवतो. बँडमधली पोरं विचारतात, "काका, बटण अटक गया क्या?"

मी म्हणतो, अडकू दे.