खर्रा खाण्यात धरत नाहीत म्हणे

माझ्या हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढं गेलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात सर्जन नागपूरहून कधीमधीच येत. ते म्हणाले, आज रक्त तपासून घ्या, साखर ठीक आली तर उद्या करू. नाहीतर थेट पुढच्या खेपेला. तोवर आमची धानकापणी सुरू झाली असती, आणि गेल्या कापणीत मी पोट धरून बांधावरच आडवा झालो होतो.

म्हणून मी कडक उपाशी राहिलो. गोंडपिपरीहून निघताना पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. लॅबमधल्या मुलीनं विचारलं, "काका, काही खाल्लं का?" मी हनुवटी वर करून नकारार्थी हुंकार दिला. आमच्याकडं हनुवटी वर करून बोलणारा माणूस पाहिला की त्याच्या गालात काय आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं सुई खाली ठेवली आणि बेसिनकडं बोट दाखवलं.

थुंकून आलो आणि ऐटीत म्हणालो, "खर्राच तर होता. उपाशीच हाओ मी."

"लगन झाल्यापासून पाहून राह्यली," सोबत आलेली बायको त्या मुलीला म्हणाली, "याईले खर्रा म्हंजे हवा वाटते."

तंबाखू-सुपारीचा रस पोटात गेला की उपाशीपोटीची साखर धरता येत नाही, असं मुलीनं समजावलं. बाकीच्या तपासण्यांचं रक्त तिनं काढून घेतलं. साखरेसाठी दुपारी या म्हणाली, तोवर पाण्याशिवाय तोंडात काही नको.

बायकोनं माझे खिसे तपासले. मग मी व्हरांड्यात येरझारा घालत राहिलो. बसलो की पाय हलायचा, उठलो की जांभई यायची. सुपारी घोटणाऱ्या टपरीचा आवाज रस्त्यापलीकडून येत होता. डोकं ठणकत होतं. साखर वाढली तर काय, हा एकच विचार. दुपारी साखरेचं रक्त दिलं. त्यानंतर तिसऱ्यांदा रिपोर्ट विचारायला गेलो तेव्हा त्या मुलीनं खिडकीच ओढून घेतली.

संध्याकाळी सर्जननी कागद पाहिले आणि म्हणाले, सगळं ठीक आहे, उद्या सकाळी पहिले तुम्ही.

दिवसभर हेच ऐकायला तडफडत होतो. आणि आता ऐकलं, तर बाहेर येऊन बायकोला म्हटलं, कापणी झाल्यावर आलो तर नाही का चालणार?

तिनं रिपोर्टचे कागद पिशवीत नीट ठेवले.

"भेव मलेबी लागते जी," ती म्हणाली. "मी बोलून राह्यली का?"

मग आम्ही वॉर्डातली खाट शोधायला गेलो.