कापसाच्या खोलीत घेतलेलं रक्त

यवतमाळला मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. प्रॅक्टिकलला आम्ही मुली एकमेकींचंच रक्त काढायचो. त्या दिवशी पांढऱ्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, तपासणी होती. पट्टीवर एक रेघ आली की सुटलो. माझ्या पट्टीवर दोन आल्या. शेजारची म्हणाली, पट्टी खराब असेल. मॅडमनी दुसरी घेतली, तिच्यावरही दोनच.

मला तर काहीच होत नव्हतं. डॉक्टरांनी खोदून विचारलं: कधी रक्त चढवलं का, गोंदून घेतलं का, कुणाशी संबंध आला का. माझे कान तापले. मग ते म्हणाले, बाळंतपणात हा आजार आईकडूनही येतो, आईला आणा. आईलाही निघाला.

माझी एकच बहीण, आर्णीकडच्या खेड्यात दिलेली, आणि तिचे दिवस भरत आले होते. तिलाही असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शनं द्यावी लागतात, उशीर चालत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आईचं एकच म्हणणं, तिच्या सासरी कळू देऊ नको.

सिरिंज आणि ट्यूब पर्समध्ये टाकून मी एसटीने गेले. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. कुणी विकायला काढत नव्हतं, घराघरांत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. ताईने मला त्याच खोलीत नेलं. सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, "मले नाही पाहाचं. घरच्यायले कळलं तं मले माहेरी धाडून देतीन."

"तुह्यासाठी नाही, ताई. लेकरासाठी."

तिने तोंड फिरवलं आणि हात पुढे केला. पहिल्यांदा शीर हुकली. दुसऱ्यांदा सुई आत असतानाच तिची सासू दारात उभी राहिली.

"हे काय करून राह्यल्या?"

अंगात रक्त कमी आहे का बघतेय, असं मी सांगणार होते. ताईच आधी बोलली. "माह्या मायले पांढरी कावीळ हाय, आत्याबाई. मलेबी असन. लेकराले होऊ नये म्हणून पाहून राह्यलो."

म्हातारी ट्यूबकडे बघत राहिली. "अन् असली तं?"

मी सांगितलं, बाळंतपण घरी करायचं नाही, यवतमाळला आणायचं. ती स्वयंपाकघरात निघून गेली. जेवताना मात्र ताईची थाळी वेगळी, उंबऱ्याजवळ मांडलेली होती. जेवणातून हे पसरत नाही, मी दोनदा सांगितलं. थाळी तिथून हलली नाही.

ताईलाही निघाला.

कळा सुरू झाल्या तेव्हा सासूनेच जीप बोलावली. यवतमाळच्या दवाखान्यात पोचताच तिने नर्सचा हात धरला. "लेकरू झाल्याबरोबर सुई द्या लागते. इसरू नका." मुलगी झाली, पण लागणारं एक इंजेक्शन तिथे नव्हतं. भाऊजी मेडिकलची दुकानं पालथी घालत फिरले, आणि मी पाळण्याशी उभी राहून दाराकडे बघत होते. ते धापा टाकत आले. इंजेक्शन वेळेत मिळालं.

भाची वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासलं. रिपोर्ट साफ आला. सासूने मला विचारलं, "पक्कं?" मी मान हलवली. ती नातीला घेऊन आमच्याकडे पाठ करून बसली आणि बराच वेळ वळली नाही.

ताईची थाळी पुढेही कैक वर्षं वेगळीच राहिली.