राजपुत्राचे घड्याळ

आयुष्यभर इतरांच्या निबंधांवर लाल रेघा ओढणाऱ्या मास्तराने उतारवयात स्वतःच लिहायला बसणे हे धाडसच. त्याबद्दल आधी क्षमा मागतो. विषयही थोर नाही. एका भिकार मारधाडपटामुळे माझे लग्न मोडता मोडता राहिले, एवढेच.

पन्नासच्या दशकात वरोऱ्याकडच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई. पडदा मधोमध, पुरुष पुढून पाहत, बायका मागून. माझ्यासाठी मुली पाहणे चालू होते, त्या वर्षी हजार वर्षांपूर्वीचा एक राजपुत्र वाघाशी झुंजत होता, आणि त्याच्या मनगटावर चक्क घड्याळ होते! मी बेहद्द खूष झालो.

चार दिवसांनी चिमूरला मुलगी पाहायला गेलो. आधीच्या चार घरांनी ‘मुलगा मुका दिसतो’ असे कळवले होते. आईने बजावले, “या वेळी एक तरी वाक्य बोल, बाबा!”

मुलीने, म्हणजे सुमनने, पोह्यांची बशी पुढे केली. मी धीर एकवटला. “जत्रेतला सिनेमा पाहिलात?”

“पाह्यला ना! राजपुत्राच्या उजव्या हातात घडी होती!”

“डाव्या,” मी म्हणालो. (चूक दिसली की मास्तराची भीड मरते.)

“उजव्या! मी का आंधळी आहो?”

तिच्या वडिलांना सारे गाव भाऊ म्हणे. शिकाऱ्यांसाठी हाका घालून जंगलात वाघ उठवण्यात त्यांची हयात गेलेली. ते मध्ये पडले. “हाताचं सोडा! तो वाघच जेवून आला होता. उपाशी वाघ जांभया देते का?”

पण आता मी थांबतो कसला! ताडकन उठून राजपुत्रासारखा डावा हात उगारला. “हा हात!”

समोरून सुमननेही हात उगारला. “हाच तं! हा उजवा!”

दोन हात, मध्ये एक बशी... आणि पोहे थेट भाऊंच्या मिशांवर! आईने डोळे मिटून घेतले. गेले पाचवे घर!

भाऊंनी मिशीतला दाणा काढून खाल्ला आणि गडगडाटी हसत ते आईकडे वळले. “काऊन हो बाई, पोरगा बोलत नाई म्हणत होते ना? हा तं भांडून राह्यला! आमच्या सुमनले असाच पायजे होता. ठरलं!”

ती पडद्यामागे बसली होती, म्हणून तिला सारे उलटे दिसले, हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी उमगले. (मी शाळेत भूमिती शिकवीत असे.)

परवा तोच चित्रपट चंद्रपूरला पुन्हा लागला. आता वाघाची दोरी दिसते, तलवार वाकताना दिसते; तरीही मी खुर्चीच्या टोकावर! शेजारून सुमनने कोपर मारले. “अहो, यायनं सिनेमा उलटा लावला!”

मी निमूटपणे मान डोलावली. वाचकहो, या चित्रपटाचे खरे परीक्षण करायचे, तर मी पडद्याच्या कोणत्या बाजूला बसावे?