अक्काची पिकअप आणि तापलेली तार

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘फ्यूज’ म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तो त्यावरही चिडायचा. हात मात्र इतका हलका, की डॅशबोर्डमागच्या गुंत्यातली तुटकी वायर नुसत्या बोटांनी ओळखायचा. त्याचं वाकडं होतं ते माणसांच्या बोलण्याशी. गिऱ्हाइकानं दुखणं सांगायला तोंड उघडलं की हा म्हणायचा, “ते गाडी सांगेल. तुम्ही बसा.”

त्या सकाळी दुकानासमोर त्याच्या थोरल्या बहिणीची जुनी हिरवी पिकअप उभी होती, दोरी बांधून ओढत आणलेली. नवरा गेल्यावर अक्कानं स्वतः स्टिअरिंग हातात घेतलं होतं आणि नर्सरीतली रोपं ती घरोघरी पोचवायची. आताही हौद्यात रोपं डुलत होती. पण गाडीची बॅटरी सारखी उतरत होती आणि कालच ती भर हमरस्त्यावर बंद पडली होती.

“मामा, दुपारी भंगारवाला येतोय,” भाचा म्हणाला. “त्याच्या आत नीट झाली तर ठेवू. आई काल रस्त्याच्या मधोमध अडकली होती, मागून ट्रक येत होते.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“मध्ये कुठे? मी तर पुढे होतो. दोरी कोणी ओढली?”

फ्यूजची कानशिलं तापली. भंगारात गाडी जाणार, तीही त्यानं दुरुस्त केलेली. बॅटरी त्यानं बदलली होती, मग ती चार्ज करणारा डायनॅमोही बदलला होता, आणि तरी हे मढं मढंच. दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊन त्यानं इंजिन चालू केलं आणि मीटर लावला. डायनॅमोपाशी आकडा चौदा व्होल्टच्या वर. बॅटरीच्या दोन टोकांवर बाराला टेकलेला.

“हा देतोय आणि तिला पोचत नाहीये. मधल्या मध्ये खातंय कोण?”

डायनॅमोकडून बॅटरीकडे जाणारी जाड वायर त्यानं उपटली, नवी टाकली. मीटर जिथल्या तिथे. त्यानं पाना असा भिरकावला की समोरचा चहावाला कप सावरून आत गेला.

“बारक्या,” अक्का म्हणाली, “ती अ‍ॅक्सिलरेटरची तार...”

“अक्का, मागेही सांगितलं तुला. तारेला काही झालेलं नाही. पेडल जड लागतं, कारण तुझा पाय म्हातारा झालाय.”

“पाय झाला असेल. पण चटका हाताला बसला.”

फ्यूज थांबला. “कसला चटका?”

“सेल्फ मारला की ती तापते. म्हणून तर जड जाते. दोनदा सांगायला आले, दोनदा बसवून ठेवलंस.”

त्यानं इंजिन बंद केलं, तारेवर बोटं ठेवली आणि भाच्याला सेल्फ मारायला लावला. बोटं पटकन मागे आली. इंजिनातून बॅटरीकडे परतणाऱ्या करंटची हक्काची वाट बंद होती, म्हणून तो या बारीक तारेतून चोरवाटेनं जात होता. हक्काची वाट म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, अर्थिंगची. ती त्यानं पूर्वी हलवून पाहिली होती. घट्ट होती, म्हणून सोडून दिली होती.

तो गाडीखाली सरकला आणि बोल्ट खोलला. पट्टीखाली धातू नव्हताच. गुळगुळीत, चकचकीत, दोन हात दिलेला हिरवा रंग होता.

“हे कुणी केलं?” गाडीखालून आवाज आला. गल्लीतले दोघे-तिघे थबकले.

“मी,” अक्का म्हणाली. “गंज धरला होता. पट्टी काढली, रंग दिला, वाळल्यावर परत आवळली. तुझ्या दाजींनी निवडलेला रंग आहे, वरवर कशाला द्यायचा?”

“अगं, रंगातून करंट जातो का? मला विचारायचंस तरी!”

“तुला? तू कुणाला बोलू देतोस? बॅटरी बदललीस, डायनॅमो बदललास, वायर बदललीस. कान तेवढे जुनेच ठेवलेस.”

भाचा तोंड फिरवून हसला. फ्यूजनं बाहेर येऊन बहिणीच्या हातात पॉलिश पेपर कोंबला. “घे. तू लावलास, तूच खरवड.”

अक्का पदर खोचून गोणपाटावर आडवी झाली. तो शेजारी दिवा धरून पडला. खरवडताना ती त्याला बोलत होती, खरवड म्हणून तो तिला, आणि बाहेरून फक्त चार पाय दिसत होते. कोरा धातू चमकला तेव्हा त्यानं पट्टी आवळली. सेल्फचा सूर बदलला, इंजिन धडाडलं. बॅटरीवरचा काटा चौदावर चढला आणि तिथेच राहिला. तार गार होती.

तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो कोपऱ्यावर वळला. भाच्यानं एकदा आईकडे पाहिलं आणि तो हात हलवत त्याला परत पाठवायला गेला. “मग बोलावलं कशाला?” असं भंगारवाला कुरकुरला, तर फ्यूज त्याच्यावरही खेकसला.

अक्का गाडीत चढून बसली. “बारक्या, डावीकडे वळताना एक आवाज...”

“ते गाडी सां...” त्यानं तोंड मिटलं. कपाळावरची आठी तशीच ठेवून त्यानं दारावर कोपर टेकलं.

“बोल.”

अक्कानं इंजिन बंद केलं आणि सावकाश, अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं.