शिकाऊ डॉक्टरांची खुर्ची

रिकाम्या खुर्चीला डॉक्टरकी शिकवणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या घरात निपजला. हे माझे मुलुंडचे काका. ऐंशीच्या दशकात कांजूरमार्गच्या टेकडीवर, झोपडपट्टीच्या पार वरच्या टोकाला त्यांचा दवाखाना होता. पत्र्याची एक खोली, पेशंटांसाठी बाक, आणि काकांच्या खुर्चीला खेटून दुसरी एक वेताची खुर्ची. तिच्यावर बसायची कुणाची बिशाद नव्हती. एकदा मी नुसता टेकलो तर काका कडाडले, "ऊठ रे! शिकाऊ डॉक्टरांची आहे ती."

असा कुणी शिकाऊ डॉक्टर अस्तित्वातच नव्हता. मोठ्या हॉस्पिटलात शिकलेली मुलं वस्तीत येत नाहीत, कारण वस्तीत डॉक्टरकी कशी करायची हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं, असं काकांचं ठाम मत. सरकारने विद्यावेतन देऊन एक तरुण डॉक्टर इथे पाठवावा, बाकी मी बघतो, एवढंच त्यांचं मागणं. हा अर्ज मी ऑफिस सुटल्यावर तिथल्याच टाइपरायटरवर दर चार-सहा महिन्यांनी तीन प्रतींत बडवत असे. काका शेजारी उभं राहून 'नम्र' हा शब्द जागोजागी घालायला लावत.

उत्तर येईपर्यंत वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी शिकवायला सुरुवातच करून टाकली. पेशंट आला की ते खुर्चीकडे वळून म्हणत, "जीभ नंतर. आधी चपला बघा. ओल्या असतील तर बाई नळाच्या रांगेतून थेट इथे आलीय, सकाळपासून पोटात काही नाही. उपाशी पोटी गोळी देऊ नका." बाकावरच्या बायका हे सगळं कान देऊन ऐकत. मालवणकडच्या परबकाकूंचा तर अभ्यास इतका पक्का झाला, की एकदा त्यांनीच टोकलं, "दाक्तरानू, आज चपला बघूक इसारलात!" काकांनी मुकाट्याने टेबलाखाली वाकून चपला पाहिल्या.

शेवटी एक सरकारी अधिकारी खरोखरच पाहणीला आला. टेकडी चढून बिचाऱ्याला धाप लागली होती. परबकाकूंनी त्याला बाकावर बसवलं आणि पायांना सूज आहे का, तेही दाबून पाहिलं.

"शिकाऊ डॉक्टर कुठायत?" त्याने विचारलं.

"अनुदान आलं की येतील."

"डॉक्टर दिसल्याशिवाय अनुदान कसं द्यायचं?"

काकांनी वेताची खुर्ची पुढे सरकवली. "जागा तर बघून घ्या."

तो कसा विरघळला देव जाणे, पण एका वर्षाची मंजुरी आली. एक तरुण डॉक्टरीण आली, आणि काकांची बोलतीच बंद झाली. खुर्चीपुढे घडाघडा बोलणारा हा माणूस खुर्चीत माणूस आल्यावर आठ दिवस "बसा" यापलीकडे काही बोलेना. अखेर परबकाकूंनीच तिला सांगितलं, "गो बाय, आधी चपला बघ." काका हसले, आणि मग वर्षभर त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. इतके सुखी मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

वर्ष संपलं आणि योजनाही बंद झाली. विद्यावेतनाशिवाय राहणं तिला शक्यच नव्हतं. निघताना ती पाया पडली तेव्हा काका कपाटात डोकं घालून उगाचच कुठलंसं औषध शोधत राहिले.

"परत अर्ज टाकू या ना, काका," मी म्हटलं.

"टाक की. पण खुर्ची नवी आणायला हवी. ही तिची झाली."

नवी खुर्ची आली. पण तिच्याशी काका कधी एक अक्षर बोलले नाहीत.

काका गेल्यावर दवाखाना आवरायला मी गेलो. तीन खुर्च्या ओळीने रिकाम्या होत्या आणि टेबलावर शेवटच्या अर्जाची प्रत पडली होती. काकांचा आवाज पुन्हा एकदा ऐकावा असं फार वाटलं. एवढ्यात दार ढकलून परबकाकू आत आल्या आणि बाकावर बसल्या.

"आता हंय कोण येतलो रे?"

खुर्चीत बसायचा धीर झाला नाही, म्हणून मी त्यांच्याशेजारी बाकावर टेकलो आणि माझी नजर आपसूक खाली गेली. त्यांच्या चपला ओल्या होत्या.